बोटीचा एक्झॉस्ट तापतोय? या चुका टाळा

मासेमारीची पावसाळी बंदी संपली, ऑगस्टात बोट पाण्यात गेली आणि अर्ध्या तासात इंजिन रूममधून जळक्या रबराचा वास, हे दरवर्षी कुणाच्या तरी वाट्याला येतंच. ज्यांच्या इनबोर्ड डिझेलला (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाला) वेट एक्झॉस्ट आहे, म्हणजे समुद्राचं पाणी एल्बोत, म्हणजे धूर निघायच्या वाकड्या पाइपात, धुरात मिसळून रबरी होजमधून (पाइपातून) मागे पडतं, त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टेम्परेचरच्या काट्यावर विसंबून राहणं. तो काटा इंजिनाच्या आत फिरणाऱ्या कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा), समुद्राचं पाणी थांबलं तरी चढायला वेळ घेतो, होज मात्र तोवर भाजलेली असते. म्हणून इंजिन लागलं की आधी मागे वाकून पाणी पडतंय का बघा, कोरडा भकभक आवाज आणि वाफ दिसली तर ताबडतोब बंद करा.

दुसरी चूक मी स्वतः केलीये. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस इंपेलर, म्हणजे समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पाकळ्यांचं चाक, एकाच जागी दबून बसलं होतं, सुरू केल्यावर त्याच्या पाकळ्या तुटल्या, मी सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बघितला, गाळणी धुतली, नवा इंपेलर टाकला आणि निघालो, पाणी येत होतं पण बारीक, परत तापलं. मग जुना इंपेलर हातात घेऊन मोजलं तर तीन पाकळ्या गायब! हीट एक्स्चेंजरचं (समुद्राच्या पाण्याने कूलंट गार करणाऱ्या भागाचं) झाकण खोललं तर नळ्यांच्या तोंडाशी नखाएवढे काळे तुकडे अडकलेले. तुटलेला प्रत्येक तुकडा सापडेपर्यंत काम झालं असं समजूच नका.

तरी तापत असेल तर एल्बो काढा. वरून रंग मारलेली छान दिसते, आत काजळी आणि गंज, पाणी शिरायच्या भोकात कधीकधी पेन्सिलही जात नाही. खरवडून चालते, पण बीड (ओतीव लोखंड) पातळ झालं असेल तर सरळ नवीन टाका, आतून फुटली तर पाणी इंजिनात जाईल. आणि गरम एल्बोवर बादलीने गार पाणी ओतू नका, तडकते.

इंजिन लागत नसेल तर सी-कॉक उघडा ठेवून सारखा स्टार्टर मारू नका, मफलर (सायलेन्सर) पाण्याने भरतो आणि ते सिलिंडरपर्यंत पोचतं. बंद करून मारा, लागलं की लगेच उघडा, विसरू नका.

एकदा भाजलेली होज बाहेरून चांगली दिसली तरी बदला, आतला थर सुटलेला असतो. ती गळायला लागली तर धूर केबिनमध्ये येतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि खाली खलाशी झोपलेले असतात.