टोमॅटो, कैरी, मटार बरणीबंद करताना : या चुका टाळा

नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला की घरोघरी क्रेट येतात, आणि परसबागेतली झाडंही तेव्हाच लगडलेली असतात. मग पातेल्यात प्युरी रटरटते, बरण्या भरल्या जातात, आणि काही आठवड्यांनी एखादं झाकण फुगतं, एखादीतून फेस येतो. अशी बरणी दिसते तरी, म्हणून ती टाकून दिली जाते. खरा धोका ज्या बरणीचा रंग, वास, चव सगळं ठीक असतं तिच्यात असू शकतो, आणि तो बहुतेक वेळा एकाच चुकीतून येतो : आंबट आणि बिनआंबट पदार्थांना एकच पद्धत लावणं.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात, म्हणजे 100 अंशांवर, तासभर ठेवले तरी मरत नाहीत. हवाबंद बरणी, खोलीचं तापमान आणि पुरेशी आंबटपणाची उणीव, एवढं मिळालं की ते रुजतात आणि मज्जासंस्थेवर घाला घालणारं विष तयार करतात. त्या विषाला रंग नसतो, चव नसते. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; सामू जितका कमी तितका पदार्थ आंबट) 4.6 च्या खाली असेल तर मात्र हे बीजाणू रुजतच नाहीत. कैरी, आवळा, अननस, स्ट्रॉबेरी, द्राक्षं या रेषेच्या सुरक्षित बाजूला आहेत. मटार, गवार, फरसबी, गाजर, मका, भेंडी, बटाटा पलीकडच्या बाजूला. पपई, केळी, अंजीर, कलिंगड ही गोड असली तरी आंबट नाहीत, त्यांना फळ म्हणून सूट नाही.

टोमॅटोला आंबट समजून मोकळं सोडणं

टोमॅटो नेमका या रेषेवर बसतो. जात, पिकण्याची अवस्था, जमीन यांनुसार सामू 4.6 च्या वरही जातो, आणि झाडावर जास्त पिकलेल्या, मऊ पडलेल्या फळात आंबटपणा आणखी कमी असतो. म्हणून प्रत्येक बरणीत लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) घालायचंच. अर्ध्या लिटरच्या बरणीला पाव चमचा, एक लिटरच्या बरणीला अर्धा चमचा; चमचा म्हणजे 5 मिलीचा मोजमापाचा, सपाट भरलेला. पातेल्यात एकदम टाकू नका, रिकाम्या बरणीच्या तळाशी टाका आणि वर गरम टोमॅटो भरा. तसं केल्याने प्रत्येक बरणीत ते नक्की पोहोचतं. घरी पिळलेल्या लिंबाचा रस इथे चालत नाही, कारण लिंबागणिक आंबटपणा बदलतो. चव जास्त आंबट वाटली तर वापरताना चिमूटभर साखर घाला. लिंबूसत्त्व कमी करू नका.

कांदा-लसूण घालून ग्रेव्हीच बरणीत भरणं

ही चूक आता फार वाढली आहे. टोमॅटोत परतलेला कांदा, लसूण, आलं, काजू घातले की सगळ्या मिश्रणाचा आंबटपणा उतरतो. वरून तेलाचा तवंग असेल तर झाकणाच्या कडेला तेल लागून बरणी नीट बसत नाही. कॉर्नफ्लॉवर किंवा दाट वाटण असेल तर उष्णता मध्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. साधा टोमॅटो भरा, फोडणी वापरायच्या दिवशी करा. तयार ग्रेव्ही साठवायचीच असेल तर फ्रीझरच योग्य. सोडियम बेंझोएट या टिकवण्यासाठी घालायच्या पावडरीचा आधारही इथे पोकळ आहे. ते आंबट पदार्थातच काम करतं.

वेळ घड्याळाने न मोजणं

टोमॅटोचे चार भाग करा. अर्धा किलो फोडी आधी मोठ्या आचेवर घ्या, दाबत उकळी आणा, आणि उरलेल्या थोड्या थोड्या घालत जा. कापून ठेवलेल्या टोमॅटोत काही मिनिटांतच विकर (एन्झाइम) गराला दाटपणा देणारं पेक्टिन तोडू लागतात, आणि नंतर बरणीत वर गर, खाली पिवळं पाणी असे दोन थर होतात. चवीला किंवा सुरक्षिततेला त्याने काही होत नाही, हलवलं की मिसळतं. पण टाळायचं असेल तर चिरलं की लगेच गरम करणं हाच उपाय. सगळं पडलं की पाच मिनिटं उकळून गरम बरणीत भरा. अर्ध्या लिटरच्या बरणीला साधारण 650 ते 700 ग्रॅम टोमॅटो लागतात.

वर सव्वा सेंटिमीटर जागा सोडा. कमी सोडली तर उकळताना गर बाहेर येतो आणि झाकणाखाली अडकतो. जास्त सोडली तर आतली हवा पूर्ण निघत नाही. बारीक लाकडी काडी कडेने फिरवा, अडकलेले बुडबुडे वर येऊन फुटताना दिसतील. तोंडाची कड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा. एक बी चिकटलेली राहिली तरी तिथून हवा शिरते.

खोल पातेल्याच्या तळाशी जाळी किंवा घडी घातलेलं फडकं ठेवा, बरण्या उभ्या ठेवा आणि झाकणावर अडीच सेंटिमीटर तरी पाणी राहू द्या. अर्ध्यापर्यंत पाणी ठेवून वाफेवर भागवणं ही पद्धत सोडाच. वेळ मोजायची ती पाण्याला पूर्ण खळखळती उकळी आल्यानंतर. अर्ध्या लिटरला 35 मिनिटं, एक लिटरला 45, पण हे समुद्रसपाटीजवळचे आकडे आहेत, म्हणजे मुंबई, रत्नागिरी, पणजीचे. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. पुणे, नाशिक, कोल्हापूरला 5 मिनिटं वाढवा. महाबळेश्वर, पाचगणीला 10. मध्येच उकळी थांबली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून.

कुकरमध्ये मटार

शिट्ट्या मोजून मटार बरणीबंद करणं बंद करा, यात तडजोड नाही. बिनआंबट भाजीला सुमारे 116 अंश लागतात, आणि ते दाब मोजता येणाऱ्या मोठ्या कॅनरमध्येच (बरणीबंद करण्यासाठीच बनवलेल्या दाबाच्या भांड्यात) भरवशाने मिळतात. त्यातही मटारला 40 मिनिटं लागतात. घरातला कुकर लहान असतो, लवकर तापतो आणि लवकर थंड होतो. या तापण्या-निवण्याचा काळ हिशेबात धरूनच वेळा ठरलेल्या असतात, म्हणून त्या कुकरला लावता येत नाहीत. शिट्टी तर मोजमापच नाही. मटार दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घाला, बर्फाच्या पाण्यात काढा, निथळून फ्रीझरमध्ये ठेवा. रंगही जास्त चांगला राहतो.

बरणी आणि झाकणाच्या चुका

जॅमची जुनी बरणी नीट तपासून वापरता येते, झाकण मात्र नवंच घ्या. आतली रबरासारखी कड एकदा दबली की पुन्हा तशी बसत नाही. काच तडकते ती बहुतेक वेळा गरम गर थंड बरणीत ओतल्यामुळे, किंवा गार बरणी उकळत्या पाण्यात सोडल्यामुळे. भरायच्या आधी बरण्या गरम पाण्यातच ठेवा. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटं थांबून बरण्या बाहेर काढा, नाहीतर आतला रस उसळून बाहेर येतो. रस थोडा कमी झाला तर उघडून भरू नका, झाकण बसलेलं असेल तर तसंच राहू द्या. उलटी करून ठेवणं, गरम असताना झाकण पुन्हा आवळणं, पंख्याखाली ठेवणं, सगळं टाळा. फडक्यावर 12 ते 24 तास हात न लावता ठेवा.

मग झाकणाच्या मध्यावर बोट दाबा. खाली बसलेलं असेल आणि टक असा आवाज न करता स्थिर राहिलं तर बरणी बसली. टक टक वाजलं तर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा, किंवा 24 तासांच्या आत नवं झाकण लावून पूर्ण वेळ पुन्हा उकळा. बसलेल्या बरण्यांवर तारीख लिहा, अंधाऱ्या गार जागी ठेवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात गॅसच्या ओट्यावरचं कपाट अजिबात नको, जमिनीलगतची फळी निवडा. वर्षभरात वापरून टाका.

उघडल्यावर बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेलं वापरू नका. बुरशी आंबटपणा खाऊन टाकते आणि खाली काय वाढलं ते दिसत नाही. फुगलेली, गळणारी, उघडताना फसफसणारी बरणी चाखून पाहू नका. गाईगुरांना किंवा कुत्र्यालाही घालू नका. बरणीबंद पदार्थ खाल्ल्यावर एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोलायला किंवा गिळायला त्रास, यांपैकी काहीही झालं तर लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि काय खाल्लं ते सांगा. उरलेली बरणी बंद पिशवीत सोबत न्या.