मोबाइलवर शॉर्टफिल्म करताय? आधी आवाजाचं बघा

शॉर्टफिल्म करायची म्हटलं की नवीन माणूस पहिला प्रश्न कॅमेऱ्याचाच विचारतो. कुठला फोन घेऊ, फोन न हलवता धरणारा जिंबल लागेल का, लेन्स भाड्याने मिळते का. मी नोकरी सांभाळून आत्तापर्यंत १४ शॉर्टफिल्म केल्यात, स्पर्धांमध्ये बसून दुसऱ्यांच्या तर कितीतरी बघितल्यात, आणि ज्या बघवत नाहीत त्या बहुतेक वेळा चित्रामुळे नाही, आवाजामुळे बघवत नाहीत. फ्रेम जरा काळोखी असली, थोडी हलली, तरी लोक बघतात. पण दोन मिनिटं डायलॉग कळला नाही की समोरचा माणूस खिशातून फोन काढतो आणि मग तो परत येत नाही. म्हणून बाकीचं पटकन सांगतो आणि आवाजावर थांबतो.

आधीची तयारी

स्क्रिप्टचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरा आणि पहिली फिल्म पाच पानांच्या वर नेऊ नका. दोन-तीन पात्रं, एक-दोन जागा, बास. रेकी करताना, म्हणजे जागा आधी बघून येताना, शूट ज्या वेळेला आहे त्याच वेळेला जा, दुपारी शूट आणि रेकी रविवारी सकाळी असं करू नका. फोन आडवा, एअरप्लेन मोडवर. फ्रेम रेट सेकंदाला २५, शटर १/५० सेकंद, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि भलत्या शटरवर ट्यूबलाइटखाली पट्टे नाहीतर लुकलुक येते. एक्सपोजर (उजेड), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) तिन्ही लॉक करा. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात हे जमत नसेल तर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे, त्यात जमतं. पोहे आणि चहा वेळेवर द्या. झालं.

आता आवाज

माझी तिसरी फिल्म वाईजवळ मेणवलीच्या घाटावर शूट केली होती. ऑगस्ट महिना, कृष्णेला भरपूर पाणी. आई आणि मुलगी, घाटाच्या पायऱ्या, धुणं. आईचं काम करणाऱ्या मावशी हौशी नाटकातल्या, पण फार ताकदीच्या. आम्ही आठ-दहा फुटांवरून शूट करत होतो आणि माइक कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावलेला. प्रत्येक टेकला कानाला सगळं छान ऐकू येत होतं. घरी येऊन एडिटला बसलो आणि हेडफोन लावला तर नुसतं पाणी, आणि त्या पाण्याच्या मागे कुठेतरी लांब दोन बायका काहीतरी बोलतायत.

असं का होतं हे नीट समजून घ्या, कारण हे कळलं की निम्मं काम झालं. जागेवर असताना आपला मेंदू नको ते बाजूला सारतो आणि बोलणाऱ्या माणसाकडे लक्ष लावतो. माइकला मेंदू नाही, त्याला नदी आणि मावशी सारख्याच. दुसरं म्हणजे अंतर. माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की आवाज साधारण सहा डेसिबलने पडतो, चौपट लांब गेला की बारा. नदीचा, पंख्याचा, रस्त्याचा आवाज मात्र चहूकडून येत असतो, तो तेवढाच राहतो. म्हणजे माइक लांब नेला की डायलॉग खाली जातो आणि गोंगाट जिथल्या तिथे. ‘भारी माइक घे, लांबून पण मस्त येतं’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तीस हजाराचा माइक आठ फुटांवर ठेवला तर आठशेच्या, कपड्याला लावायच्या छोट्या कॉलर माइकपुढे तो हरतो, जर तो कॉलर माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असेल.

मग लोक म्हणतात सॉफ्टवेअरने साफ होतं. पंख्याची घरघर, ट्यूबच्या चोकचा गुणगुणाट असं एकसारखं चालणारं असेल तर बऱ्यापैकी होतं, खरंय. पण वाहत्या पाण्याचा आवाज बोलण्याच्याच पट्ट्यात पसरलेला असतो, तो काढायला गेलं की सोबत स, श, च निघून जातात. आपल्या मराठीत तर चाकातला च वेगळा आणि चार या आकड्यातला वेगळा, माझ्या त्या सीनमध्ये साफ करून करून दोन्ही च सारखेच झाले, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखे.

शेवटी डबिंग केलं. चार महिन्यांनी, घरी कपड्यांच्या कपाटापुढे बसून. त्या सीनमध्ये मावशी ओल्या चादरीचा पिळा खांद्यावर टाकतात आणि मुलीकडे न बघता म्हणतात, “आता तू नको येत जाऊस.” घाटावर ती चादर खरंच जड होती, त्यामुळे ‘आता’ नंतर त्यांचा श्वास अडकला होता, आणि त्या अडकलेल्या श्वासातच सगळा सीन होता. कपाटापुढे त्यांनी तेच वाक्य वीस-बावीस वेळा म्हटलं, मनापासून म्हटलं, पण तो श्वास काही आला नाही. मला आजही ती फिल्म कोणाला दाखवताना त्या जागी खाली बघावंसं वाटतं. म्हणून ‘डबिंगला बघू’ हे वाक्य माझ्या सेटवर कोणी बोललं तर मी शूट थांबवतो. डबिंग हे मुरलेल्या नटांचं आणि चांगल्या स्टुडिओचं काम आहे, हौशी माणसाकडून तो सूर चार महिन्यांनी परत मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तर आता मी काय करतो ते सांगतो.

साधा वायरचा कॉलर माइक घ्या, दोन पात्रं असतील तर दोन. प्रत्येक माइक एकेका जुन्या फोनला लावा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि तो फोन नटाच्या खिशात किंवा कमरेला. घरात पडून असलेला, स्क्रीन फुटलेला फोन चालतो, फक्त त्याच्या मेमरीत जागा रिकामी करून घ्या आणि तोसुद्धा एअरप्लेनवर टाका. पिन बघून घ्या, फोनसाठीच्या पिनवर तीन काळ्या रेषा असतात, कॅमेऱ्यासाठीच्या पिनवर दोन. टाइप-सी कन्व्हर्टर घेत असाल तर दुकानातच लावून, रेकॉर्ड करून ऐका, काही कन्व्हर्टर फक्त हेडफोनसाठी असतात, ते माइक घेतच नाहीत आणि फोन गुपचूप स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करत बसतो. हे तपासायला सोपं आहे, कॉलर माइकवर नखाने टकटक करा, रेकॉर्डिंगमध्ये टकटक मोठी आली पाहिजे.

रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये वेव्ह (WAV) फॉरमॅट, ४८ किलोहर्ट्झ. ऑटो गेन, म्हणजे आवाजाची लेव्हल आपोआप वरखाली करणारी सोय, बंद होत असेल तर बंद करा, नाहीतर पात्र गप्प झालं की मागचा पंखा फुगून वर येतो आणि बोलायला लागलं की खाली बसतो, ते कानाला फार त्रास देतं. लेव्हल ठरवताना नटाला ‘हॅलो हॅलो’ म्हणायला लावू नका, सीनमधलं सगळ्यात मोठ्याने म्हणायचं वाक्य म्हणायला लावा आणि ते मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास बसवा. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

माइक लावायची जागा हनुवटीपासून वीतभर खाली, छातीच्या मध्यावर. मेडिकलमध्ये कागदी सर्जिकल टेप मिळते, तिने चिकटवा. वायरचा एक छोटा वळसा करून तोही टेपखाली दाबा, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत जात नाही. कपड्यांचं बघा: सुती साडी, सुती सदरा शांत असतो, नायलॉन आणि कडक सिल्क प्रत्येक हालचालीला सळसळतं. आणि मंगळसूत्र. वाटी कॉलर माइकच्या नेमकी वरच येते आणि बाई वाकली की टिक, उठली की टिक. एका फिल्ममध्ये अख्खा स्वयंपाकघरातला सीन असा गेलाय माझा. आता मी माइक पदराच्या कडेला आतून लावतो आणि मंगळसूत्र मागून टेपने मानेला चिकटवून टाकतो, म्हणजे ते झुलत नाही. बाहेर वारा असेल तर माइकवर खोट्या फरच्या कापडाची टोपी, खेळण्यातल्या अस्वलाच्या कापडाची शिवली तरी काम होतं.

वायरलेस माइक परवडत असेल तर घ्या, पण नटाच्या पाठीमागे ट्रान्समीटर आणि समोर रिसीव्हर असं ठेवू नका, मधे माणसाचं शरीर आलं की सिग्नल तुटतो. आणि त्यावरचं नॉइज कॅन्सलचं बटण बंदच राहू द्या, जे खाल्लं गेलं ते परत मिळत नाही.

खोलीत शूट असेल तर पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, मग तो परत चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. रिकामी खोली घुमते, त्यासाठी फोमबिम विकत आणू नका, घरातल्या गोधड्या काढा, फ्रेमच्या बाहेर दोरीवर दोन टांगा, एक खाली अंथरा. एवढ्यानेच फरक कळतो.

बाहेरच्या आवाजात एक गोष्ट लक्षात ठेवा, सतत चालणारा आवाज एकवेळ चालतो, मधेच येऊन जाणारा नाही. कोकीळ डायलॉगच्या मधे ओरडला आणि तुम्ही तिथेच कट मारला तर त्याची तान अर्धी तुटते आणि प्रेक्षकाला लगेच कळतं. घंटागाडी, शेजारची पाण्याची मोटर, कुकरची शिट्टी, यांची वेळ शेजाऱ्यांना आधीच विचारून घ्या. शेजारी चांगले असतात, नीट सांगितलं तर कुकर अर्धा तास पुढे ढकलतात.

एका माणसाला फक्त आवाजाचं काम द्या. वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा येतो. खिशातल्या फोनचं लाइव्ह ऐकता येत नाही, म्हणून पहिला टेक झाला की फोन काढून ऐकायचा, मगच पुढे. या माणसाने ‘परत’ म्हटलं की परत, दिग्दर्शक कितीही घाईत असला तरी.

टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी, हाताची चालते, एडिटमध्ये चित्र आणि आवाज जुळवायला. सीन संपला की कोणीही हलायचं नाही, एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची, त्याला रूम टोन म्हणतात, एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधली भोकं त्यानेच बुजतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कपडे बदलायच्या आधी नटांना तिथेच, माइक अगदी जवळ धरून, सगळे डायलॉग कॅमेऱ्याशिवाय दोनदा म्हणायला लावा. सूर अजून अंगात असतो, दम तोच असतो. मेणवलीला मी ही दहा मिनिटं दिली असती तर ते वाक्य वाचलं असतं.

एडिट

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकटची आवृत्ती पुरते, आवाज टाळीवरून हाताने जुळवता येतो, नाहीतर वेव्हफॉर्मवरून, म्हणजे आवाजाच्या आलेखावरून, आपोआप जुळतो. ओठ आणि आवाज हळूहळू पुढेमागे व्हायला लागले तर बहुतेक वेळा फोनने फ्रेम रेट बदलता ठेवलेला असतो, क्लिप हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून स्थिर फ्रेम रेटला काढून घ्या. आधी नुसते डायलॉग लावा, मग रूम टोन, मग पावलं आणि भांडी, संगीत सगळ्यात शेवटी. सिनेमातलं गाणं वापरू नका, कॉपीराइटचा क्लेम येतो.

एक्सपोर्टच्या आधी फिल्म फोनच्या स्पीकरवर, डोक्यावर पंखा चालू ठेवून, स्क्रिप्ट न वाचलेल्या माणसाला ऐकवा. जिथे तो ‘काय म्हणाली?’ विचारेल तिथे संगीत खाली घ्या, तरी नाही कळलं तर तिथे कॅमेऱ्याशिवाय घेतलेला डायलॉग बसवा.