इंग्रजीतून दुखणं सांगताय? या चुका टाळा

मराठीत दुखण्याचा प्रकार क्रियापदातच असतो. दात ठणकतो, गळू ठसठसतं, जखम चुरचुरते, डोळ्यात खुपतं, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो. नुसतं क्रियापद ऐकलं तरी डॉक्टरला अर्धी वाट सापडते. इंग्रजीत हे काम बहुतेक वेळा 'पेन' या नामाला लावलेली विशेषणं करतात: थ्रॉबिंग पेन, बर्निंग पेन, स्टॅबिंग पेन. लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या दवाखान्यात बसलेल्या मराठी माणसाची क्रियापदं घरीच राहतात, विशेषणं जिभेवर येत नाहीत, आणि हातात उरतं एकच 'पेनिंग'. पुढच्या निम्म्या चुका इथूनच निघतात.

'माय लेग इज पेनिंग'

भारतात हे वाक्य सगळ्यांना चालतं. ब्रिटन-अमेरिकेत अर्थ कळतो, पण कानाला खटकतं, कारण तिथे 'पेन' हे रोजच्या बोलण्यात नाम आहे. त्याचं क्रियापद वापरलंच तर ते मनासाठी: 'इट पेन्स मी टू से धिस', म्हणजे हे सांगताना मला वाईट वाटतंय. शरीरासाठी 'माय लेग हर्ट्स' म्हणा, किंवा 'आय हॅव अ पेन इन माय लेग'. गिळताना दुखत असेल तर 'इट हर्ट्स व्हेन आय स्वॉलो'. 'आय ॲम पेनफुल' मात्र कधीच नको. त्याचा अर्थ मी दुसऱ्याला दुखवणारा किंवा त्रासदायक आहे असा होतो. माझा गुडघा 'पेनफुल' असतो, मी नाही.

दुसरं क्रियापद 'एक्'. स्पेलिंग पाहून बरेच जण त्याचा उच्चार 'एच' करतात. खरा उच्चार 'हेडेक'च्या शेवटी येतो तोच. याचा अर्थ सौम्य पण लांबत जाणारं, एका ठिकाणी बोट ठेवता येत नाही असं दुखणं. ते जोडून केलेले शब्द मोजकेच आहेत: डोकं, दात, पोट, पाठ, कान. 'नीएक' किंवा 'हँडेक' असं कोणी म्हणत नाही. तिथे 'नी पेन'. आणि 'हार्टेक' हा शब्द आहे, पण तो विरहाचा, कार्डिॲक वॉर्डातला नाही. 'हार्टबर्न' ही छातीतली आंबट जळजळ, तिचा हृदयाशी संबंध नाही. छातीत दुखत असेल तर 'चेस्ट पेन' म्हणा. ते हृदयाचं आहे की नाही हे ठरवणं डॉक्टरचं काम.

हात, पाय आणि कंबर

ही चूक साधी दिसते, पण तिच्यामुळे तपासणी भलत्या जागी सुरू होते. मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात; इंग्रजीत मनगटाच्या पुढचा 'हँड' आणि वरचा 'आर्म'. तसंच घोट्याच्या खाली 'फूट', वर 'लेग'. पोटरीत गोळा येत असेल आणि तुम्ही 'माय फूट' म्हणालात, तर ते तळवा बघणार. पायाचा आंगठा 'बिग टो', हाताचा 'थम'. घसा 'थ्रोट', मान 'नेक'.

कंबर सगळ्यात जास्त फसवते. शब्दकोशात 'वेस्ट' मिळतं, पण ते पँटच्या मापाचं. कंबरदुखीला इंग्रजीत 'लोअर बॅक पेन' म्हणतात. कळ कुल्ल्यातून पायात उतरत असेल तर 'इट शूट्स डाऊन माय लेग' हे वाक्य लक्षात ठेवा. सायटिकाचा विचार सुरू होतो तो अशा वर्णनावरून. ओटीपोटासाठी 'लोअर टमी' किंवा 'लोअर ॲब्डोमेन', जांघेसाठी 'ग्रॉइन', कुशीसाठी नुसतं 'साइड' पुरतं. शब्द आठवला नाही तर बोट ठेवून 'राइट हिअर' म्हणा, त्यात कमीपणा नाही.

ठणकण्याला काय म्हणायचं

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात 78 इंग्रजी शब्द 20 गटांत लावलेले आहेत, आणि प्रत्येक गटात सौम्याकडून तीव्राकडे. उष्णतेच्या गटात 'हॉट' पहिला, मग 'बर्निंग', 'स्कॉल्डिंग' आणि शेवटी 'सीअरिंग'. तिच्यात भीतीचे आणि थकव्याचे शब्दही आहेत, कारण वेदना अंगाला होते तशी मनालाही. 78 पाठ करायची गरज नाही. मराठी माणसाला दहा-बारा पुरतात.

ठणका आणि ठसठस, नाडीच्या ठेक्यावर उसळणारी, ही 'थ्रॉबिंग'. दात, गळू, अर्धशिशी यांत तीच. भोसकल्यासारखं टोचणं 'स्टॅबिंग'. विजेसारखी जाणारी कळ किंवा सणक 'शूटिंग'. क्षणभर येऊन गेलेली बारीक चमक 'ट्विंज'. मुरडा, पाळीतली कळ आणि पायातला गोळा या तिन्हींना 'क्रॅम्प'. डेटॉल लागल्यासारखं चुरचुरणं, झोंबणं 'स्टिंगिंग'. आग होणं 'बर्निंग'. आवळल्यासारखं 'टाइट', दगड ठेवल्यासारखं 'क्रशिंग' किंवा 'लाइक अ वेट ऑन माय चेस्ट'. मुंग्यांना 'ॲंट्स' म्हणाल तर समोरचा तुमच्या मोज्यात बघेल. तिथे 'पिन्स अँड नीडल्स' म्हणतात. बधिर म्हणजे 'नम', शेवटचा ब उच्चारायचा नाही. अवघडलेली मान 'स्टिफ'.

'सोअर' आणि 'टेंडर' यांत गल्लत होते. डोंगर चढून आल्यावर मांड्या दुखतात त्या 'सोअर', सर्दीतला घसाही 'सोअर'. 'टेंडर' म्हणजे दाबलं की दुखतं. डॉक्टर पोट दाबून 'इज इट टेंडर?' असं विचारतात तेव्हा ते कोवळं आहे का असा प्रश्न नसतो.

'शार्प' हा शब्दही जपून वापरा. अनेकांना तो 'जोरात' या अर्थाचा वाटतो. शार्प ही जात आहे, तीव्रता नाही. सुईइतकी बारीक वेदनाही शार्प असू शकते. जोरात दुखतंय हे सांगायला 'सिव्हिअर' आहे. 'क्रॉनिक'चंही तसंच. वैद्यकीय भाषेत तीन महिन्यांहून जास्त टिकलेली वेदना ती क्रॉनिक. कालपासून असह्य दुखणारी पाठ क्रॉनिक होत नाही.

पित्ताचं भाषांतर करू नका

आपल्याकडे 'पित्त झालंय' हे एकच वाक्य तीन वेगळ्या तक्रारींसाठी चालतं. आंबट ढेकर आणि जळजळ, डोकं दुखून उलटी झाल्यावर बरं वाटणं, आणि अंगावर उठलेल्या गांध्या. इंग्रजीत हे तीन वेगळे आजार आहेत: 'ॲसिड रिफ्लक्स', बहुधा 'मायग्रेन', आणि 'हाइव्ह्ज'. 'पित्त'ला शब्दकोशातला 'बाइल' लावला तर घोटाळा वाढतो. कारण 'आय व्हॉमिटेड बाइल' म्हणजे हिरवट-पिवळी उलटी, आणि हिरवी उलटी ऐकली की डॉक्टरच्या मनात आतडं अडलंय का ही शंका येते. तुम्हाला फक्त आंबट पाणी आलं होतं.

'गॅस' याहून धोक्याचा. छाती भरून आली, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखतोय, आणि घरातले म्हणतात गॅस असेल. इंग्रजीत 'आय हॅव गॅस' म्हटलं की ऐकणारा पोटातल्या वाऱ्यापलीकडे जाणारच नाही. इथे निदान बाजूला ठेवून संवेदना सांगा: 'टाइटनेस इन माय चेस्ट, गोइंग टू माय आर्म, आय ॲम स्वेटिंग'. आणि हे दवाखान्याच्या खिडकीवर सांगण्यापेक्षा ब्रिटनमध्ये 999, अमेरिकेत 911, भारतात 112 वर सांगा.

हाच नियम बाकीच्यांना. 'उष्णता वाढली' याला इंग्रजीत काही अर्थ नाही. तोंड आलंय तर 'माउथ अल्सर्स', लघवीला आग होते तर 'इट बर्न्स व्हेन आय पी'. कफ म्हणजे 'फ्लेम' (स्पेलिंग phlegm); 'कफ' असं ऐकलं की इंग्रजाला खोकला समजतो. मळमळीला 'व्हॉमिटिंग सेन्सेशन' न म्हणता 'नॉशस' म्हणा. ब्रिटनमध्ये 'आय फील सिक' म्हणजेही मळमळ, अमेरिकेत त्याचा अर्थ नुसतं आजारी. जुलाबांना 'लूज मोशन्स' हा भारतीय शब्द, बाहेर 'डायरिया'. चक्कर सांगताना खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते हे वेगळं करा. पहिलं 'स्पिनिंग', दुसरं 'लाइटहेडेड', आणि दोन्हींची कारणं निराळी असतात.

'सिन्स थ्री डेज'

तीन दिवसांपासूनचं भाषांतर. 'सिन्स'पुढे सुरुवातीचा क्षण येतो, 'फॉर'पुढे मुदत. म्हणून 'सिन्स ट्यूझडे', पण 'फॉर थ्री डेज'. आणि 'आय ॲम हॅविंग' ऐवजी 'आय हॅव हॅड'. व्याकरणाची ही चूक एकवेळ चालेल. वेळेचा नकाशा न सांगणं चालणार नाही. सतत दुखतं का, की थांबून थांबून? सतत असेल तर 'कॉन्स्टंट', येत-जात असेल तर 'इट कम्स अँड गोज', लाटांसारखं असेल तर 'इन वेव्ह्ज'. कशाने वाढतं ते 'वर्स व्हेन', कशाने उतरतं ते 'बेटर व्हेन'.

ब्रिटनमध्ये वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वेदनेची चौकशी 'सॉक्रेटिस' या नावाच्या आद्याक्षरांनी शिकवतात. जागा, सुरुवात, प्रकार, कुठे पसरते, सोबत काय होतं, वेळ, कशाने वाढते-कमी होते, तीव्रता. आठ प्रश्न ठरलेले आहेत. घरून एका कागदावर आठ ओळी लिहून नेल्या तर भेटीतला बराच वेळ वाचतो.

शून्य ते दहा

'ऑन अ स्केल ऑफ झिरो टू टेन' हा प्रश्न ठरलेला. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट वेदना. साधारणपणे 1 ते 3 सौम्य, 4 ते 6 मध्यम, 7 पासून तीव्र धरतात. आपली माणसं दोन टोकांना जातात. वडीलधारी मंडळी 'चालायचंच' म्हणून 2 सांगतात आणि औषधाविना परततात. तरुण मंडळी फोन चाळत 10 सांगतात, आणि नर्स मनातल्या मनात त्यातून चार वजा करते. आकड्याला काम जोडा: 'सेव्हन, आय कान्ट स्लीप', 'फाइव्ह, आय कॅन वॉक बट नॉट क्लाइंब स्टेअर्स'. बाळंतपण किंवा मुतखडा अनुभवला असेल तर त्याच्याशी तुलना करा.

ही वाक्यं सहज बोलू नका

'वर्स्ट हेडेक ऑफ माय लाइफ' हे इंग्रजीत धोक्याचं वाक्य आहे. विशेषतः डोकेदुखी एका मिनिटाच्या आत शिखराला गेली असं म्हणालात, तर मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची शंका घेऊन सीटी स्कॅनची धावपळ सुरू होते. खरंच तसं असेल तर नेमकं हेच म्हणा. नसेल तर 'अ व्हेरी बॅड हेडेक' पुरे.

दुसरं, 'यापेक्षा मेलेलं बरं'. मराठीत हा त्रागा आहे. 'आय वॉन्ट टू डाय' असं म्हणताच समोरचा दार लावून आत्महत्येचे विचार येतात का, हे गंभीरपणे विचारेल. त्रागाच असेल तर 'आय कान्ट बेअर इट'. विचार खरेच येत असतील तर मात्र लपवू नका.

उलटी गंमत म्हणजे इंग्रजी दवाखाना स्वतः दुखणं फार कमी करून सांगतो. 'यू मे फील सम डिसकंफर्ट' म्हणजे दुखणार आहे. ब्रिटिश नर्स सुई टोचताना 'शार्प स्क्रॅच' म्हणते. आणि सुरुवातीच्या 'हाऊ आर यू?'ला सवयीने 'फाइन' म्हणू नका. ते कागदावर लिहिलं जाऊ शकतं.

मनाचं दुखणं

'आय ॲम इन टेन्शन' हे भारतीय इंग्रजी. काळजी असेल तर 'वरीड' किंवा 'अँक्शस', कामाचा ताण असेल तर 'स्ट्रेस्ड'. मन दुखावलं तर 'आय वॉज हर्ट बाय व्हॉट ही सेड'. नुसतं 'आय ॲम हर्ट' म्हटलं तर कुठे लागलं का असं विचारतील. 'अपसेट'मध्ये दुःख आणि राग दोन्ही मावतात. 'डिप्रेस्ड' हा शब्द क्रिकेटचा सामना हरल्यावर वापरायचा नाही. डॉक्टरसमोर तो आजाराचं नाव आहे. साध्या उदासीला 'लो' किंवा 'डाऊन'.

'जीव घाबरा होतो' हे तीन तुकड्यांत मोडा. धडधड असेल तर 'माय हार्ट इज रेसिंग', दम लागत असेल तर 'शॉर्ट ऑफ ब्रेथ', भीती असेल तर 'पॅनिकी'. तिन्हींसाठी तपासण्या वेगळ्या.

नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची यादी अनेक ठिकाणी हातात देतात. तिथली सर्वांत मोठी चूक भाषेची आहे. उत्तरं 'नॉट ॲट ऑल'पासून 'निअरली एव्हरी डे'पर्यंत, 0 ते 3 गुणांची, आणि प्रश्न गेल्या 2 आठवड्यांचा. म्हणजे किती जोरात वाटतं हे विचारलेलं नसून किती दिवस वाटलं हे विचारलंय. रोज थोडं उदास वाटत असेल तरी उत्तर 3.

कोणी गेल्याचं सांगताना 'एक्स्पायर्ड' टाळा. बाहेर मुदत दुधाची आणि पासपोर्टची संपते. 'पास्ड अवे' किंवा सरळ 'डाइड'. समोरून 'सॉरी फॉर युअर लॉस' आलं की 'थँक यू' म्हणायचं, 'इट्स ओके' नाही.

जमत नसेल तर दुभाषा मागा

ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत दुभाषा मोफत मिळतो. अमेरिकेत केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना तो द्यावा लागतो, 1964 च्या नागरी हक्क कायद्याचा तो भाग आहे. वेळ ठरवतानाच 'आय नीड अ मराठी इंटरप्रिटर' असं सांगा, कारण आयत्या वेळी बहुधा फोनवरचा मिळतो आणि नुसतं 'इंडियन' म्हटलं तर हिंदीचा. शाळकरी नातवंडाला दुभाषा करू नका. आजीला पाळीबद्दल, लघवीबद्दल किंवा रात्री रडू येण्याबद्दल विचारलेलं त्याच्या तोंडून तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि तिचं उत्तर डॉक्टरपर्यंत तर नाहीच.