गंजलेल्या शॉकअप स्प्रिंगला पावडर कोटिंग करून घ्या

कोकणात पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत बाईकच्या मागच्या शॉकअपची स्प्रिंग हमखास गंजते. डब्यातल्या स्प्रेने रंगवली तर रंग वेटोळ्यांच्या टोकांशी, जिथे ती एकमेकांवर घासतात तिथे, लवकर सोलतो. त्यापेक्षा पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पावडर फवारून भट्टीत भाजून पक्की करणं, कितीतरी जास्त टिकतं.

१. शॉकअप काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी) खाच कितवी आहे आणि दाट वेटोळी वर आहेत की खाली, हे दिसलं पाहिजे.
२. स्प्रिंग मेकॅनिककडूनच, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावून उतरवून घ्या.
३. गंज तारेच्या ब्रशने आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. वेटोळ्यांच्या आतल्या बाजूला पेपरची पट्टी दोरीसारखी ओढून फिरवली की तिथलाही गंज निघतो. बोटाने खड्डे लागत असतील तर रंगाचा खर्च करू नका, नवीन स्प्रिंग घ्या.
४. गेट-ग्रीलचं पावडर कोटिंग करणाऱ्याकडे द्या. त्याच्या चालू काळ्या लॉटमध्ये टाकायला सांगा, स्वस्तात होतं. आधी झिंक प्रायमर मात्र आग्रहाने मागा, खरा टिकाऊपणा त्यातच आहे.

भट्टीत साधारण १८० ते २०० अंश तापमान असतं, त्यामुळे फक्त सुटी स्प्रिंग द्या. तेल-गॅस भरलेला शॉकअप किंवा रबरी बुश चुकूनही जाऊ देऊ नका. ॲसिडच्या टाकीतही बुडवू देऊ नका. त्याने स्प्रिंगचं पोलाद ठिसूळ होऊन पुढे तुटू शकतं.