लिनक्सवर फाइल सापडत नाही? आधी डावी बाजू नीट लावून घ्या

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून आमच्या कोपरखैरण्यात ज्यांनी ज्यांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम) टाकून घेतलं त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, सी ड्राइव्ह कुठे गेला? तर इथे सी, डी असं काही नसतंच. फाइल्सची खिडकी उघडली की डावीकडच्या साइडबारमध्ये 'फाइल सिस्टिम' दिसतं ना, तिथून सगळं सुरू होतं, आणि ते उघडलं की इटीसी, व्हार असली नावं बघून माणूस घाबरतो. तिकडे जायचंच नाही. तुमचं जे काही आहे ते 'होम'मध्ये, रोजचं काम तिथेच भागतं.

आता महत्त्वाचं. डॉक्युमेंट्समध्ये लाइटबिल, मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स अशी फोल्डर करा, मग ज्यात सारखं जावं लागतं ते उघडून कंट्रोल आणि डी दाबा, की ते डावीकडे बुकमार्क होऊन बसतं, पुढच्या वेळी एका क्लिकवर. शेजारच्या काकूंना मी एवढंच करून दिलं, लाइटबिल, बँक आणि नातवाचे फोटो, बस, आता महावितरणचं बिल डाउनलोड झालं की त्या स्वतः उचलून जागेवर टाकतात. चार-पाचच ठेवा पण, पंधरा केले की परत शोधाशोध.

फाइल हलवायला एफ ३ दाबा. खिडकीचे दोन भाग होतात, एकीकडे डाउनलोड्स उघडा, दुसरीकडे लाइटबिल, आणि सरळ ओढून टाका. मला हे मिंटमधलं सगळ्यात कामाचं वाटतं, नवीन माणसाला फाइल कुठून कुठे गेली ते डोळ्यासमोर दिसतं. एक फोल्डर मागे यायचं तर ऑल्ट आणि वरचा बाण.

नाव देताना जपा, स्मॉल बी आणि कॅपिटल बी लिनक्सला वेगवेगळे, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये सारख्याच नावाच्या दोन फाइल होऊ शकतात, सगळी नावं स्मॉलमध्येच ठेवलेली बरी.

पेन ड्राइव्ह लावला की तोही डावीकडेच दिसतो. झेरॉक्सवाल्याकडे न्यायचा असेल तर आधी नावाशेजारचं इजेक्टचं चिन्ह दाबा आणि थांबा, कारण कॉपी झाल्यासारखं दिसलं तरी लिहिणं मागे चालू असू शकतं आणि तेव्हाच ओढून काढला तर फाइल अर्धवट जाते.