बुकमार्क करताना या चुका टाळा

सातबारा, पीक विमा, महाडीबीटीवरील अनुदान, मुलांची शिष्यवृत्ती अशी विदर्भातील शेतकरी कुटुंबाची बहुतेक कागदोपत्री कामे आता संकेतस्थळांवरूनच होतात. ऐन मुदतीच्या दिवशी, सेवा केंद्रात रांग लागलेली असताना, ब्राउझरमध्ये जपून ठेवलेला बुकमार्क, म्हणजे पानाचा पत्ता, उघडत नाही, अशी तक्रार मात्र वारंवार ऐकू येते. दरवेळी दोष नेटचा नसतो. अनेकदा बुकमार्कच चुकीच्या पानाचा केलेला असतो.

सर्वांत जास्त त्रास देणारी चूक म्हणजे लॉगिन केल्यानंतर दिसणाऱ्या पानाचा बुकमार्क करणे. लॉगिन केल्यावर संकेतस्थळ आपल्याला तात्पुरती ओळख देते आणि काही वेळ काम थांबले की ती रद्द करते. त्यामुळे आतल्या अर्जाच्या पानाचा बुकमार्क दुसऱ्या दिवशी उघडला, तर 'सेशन एक्सपायर्ड' असा संदेश येतो किंवा कोरे पान दिसते. संकेतस्थळ बंद पडले असे समजून अनेक जण तसेच परत जातात. अशा वेळी त्या बुकमार्कवर राइट क्लिक करून 'एडिट' निवडावे, पत्त्यातील 'डॉट इन'च्या पुढचा सगळा भाग पुसून टाकावा आणि पुन्हा सेव्ह करावे. मुखपृष्ठ उघडले की तेथून लॉगिन करता येते.

नावाकडेही असेच दुर्लक्ष होते. ब्राउझर पानाचे मूळ शीर्षकच बुकमार्कला देतो आणि बऱ्याच संकेतस्थळांचे शीर्षक नुसते 'होम' असते. सातबाऱ्याचेच पाहा: महाभूलेखवर मोफत दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो, तर कर्ज प्रकरणासारख्या कामासाठी लागणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपये भरून वेगळ्या संकेतस्थळावरून घ्यावा लागतो. म्हणून कंट्रोल आणि डी दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीतच 'सातबारा पाहण्यासाठी' आणि 'सातबारा सहीचा' अशी स्वच्छ मराठी नावे द्यावीत.

बुकमार्क केला म्हणजे पान आपल्याजवळ राहिले, हा समजही सोडून द्यावा. बुकमार्कमध्ये फक्त पत्ता असतो. लाइन गेली आणि त्यासोबत टॉवरही बंद पडला, तर त्या पत्त्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून विम्याची पावती आणि अर्जाची पोच त्याच वेळी पीडीएफमध्ये डाउनलोड करावी.

व्हॉट्सॲपवर आलेली लिंक न तपासता जतन करणे तर धोक्याचेच आहे, कारण खोटे पान एकदा बुकमार्कमध्ये बसले की पुढच्या प्रत्येक वेळी आपण विश्वासाने तेथेच आधार क्रमांक भरत राहतो. पीएम किसान, पीक विमा, महाडीबीटी या तिन्हींचे पत्ते 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतात. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या आधी तेच शब्द शेवटी आहेत ना, हे नीट पाहूनच पत्त्याच्या पट्टीतील बुकमार्कच्या चांदणीवर क्लिक करावे.

फोल्डर फार करू नयेत. माझ्या मते 'वावर', 'बँक', 'शाळा' आणि 'दवाखाना' एवढे चार घरासाठी पुरेसे आहेत. 'वावर'मध्ये अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, हवामान खाते आणि बाजारभाव यांची पाने सर्वांत वर ठेवावीत. फोल्डरांत शोधत बसण्यापेक्षा फायरफॉक्स ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत फुलीसारखी चांदणी (*) टाइप करून एक जागा सोडावी आणि नाव लिहावे. मग शोध फक्त बुकमार्कमध्येच होतो.

सेवा केंद्राच्या किंवा दुसऱ्याच्या संगणकावर आपल्या गूगल खात्याने सिंक, म्हणजे खात्यातील माहिती त्या संगणकावरही आणणे, सुरू करू नये, कारण बुकमार्कसोबत जतन केलेले पासवर्डही तेथे पोहोचू शकतात.

हिस्ट्री पुसली म्हणून बुकमार्क जात नाहीत. ते जातात संगणक फॉरमॅट केल्यावर. त्याआधी क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून बुकमार्क मॅनेजर उघडावा, तीन टिंबांच्या मेनूतून 'एक्स्पोर्ट' करावे आणि तयार झालेली एचटीएमएल फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी. एखादा फोल्डर चुकून नुकताच पुसला असेल, तर त्याच मॅनेजरमध्ये लगेच कंट्रोल आणि झेड दाबल्यास तो परत येतो. फायरफॉक्स मात्र स्वतःहूनही बॅकअप घेऊन ठेवतो, आणि 'रिस्टोअर' केल्यावर सध्याचे सगळे बुकमार्क काढून त्या जागी जुने आणतो. म्हणून जुने परत आणण्याआधी आजच्या बुकमार्कचा बॅकअप वेगळा काढून घ्यावा.