आधी दोर, मग वल्हं
पंचगंगेच्या घाटावर उड्या मारत वाढलेलो, त्यामुळं राफ्टिंग गाईड व्हायला आणि वेगळं काय शिकायचं, अशा गुर्मीतच कोलाडला स्वयंसेवक म्हणून गेलो. पहिले चार दिवस वल्ह्याला हातही लावू दिला नाही. दोर फेकायचा, गोळा करायचा, परत फेकायचा.

थ्रो बॅग म्हणजे पंधरा-वीस मीटर तरंगता दोर भरलेली पिशवी. टोक हातात ठेवून पिशवी खालून झुलवत सोडायची, ती वाहणाऱ्या माणसाच्या डोक्यापलीकडं पडली की दोर आपसूक त्याच्या अंगावर येतो. माझी झुडपात जायची. त्यात म्हशीचा कासरा मनगटाला गुंडाळायची आमची जुनी सवय. इथं ते अजिबात चालत नाही. धारेची ओढ बसली की दोरासकट तुम्हीही आत.

सरावात एक जण मुद्दाम पाण्यात पडला आणि मी विचार न करता मागोमाग उडी मारली. काठावरून गुरुजी शांतपणे म्हणाले, "आता दोघांना काढायचं." हाक मारा, वल्हं पुढं करा, दोर फेका, राफ्ट न्या, स्वतः उडी मारणं सगळ्यात शेवटी. चांगल्या पोहणाऱ्याला हे पचायला जड जातं. स्वतः पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेनं, पायाची बोटं पाण्याबाहेर. गुडघाभर पाणी दिसलं तरी धारेत उभं राहायचं नाही. पाय दगडाच्या फटीत अडकला तर मागून येणारं पाणी माणसाला तिथंच पालथं घालतं.

कोलाडच्या कुंडलिका नदीत राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर. हे पाणी ओसरलं की दगड उघडे पडतात. दुपारी त्या पात्रातून चालायचो. सकाळी जिथं राफ्ट उसळली, तिथं नेमका कुठला दगड आहे ते बघायचं. पाण्यावर इंग्रजी व्ही दिसतो. टोक प्रवाहाच्या खालच्या अंगाला असेल तर वाट, वरच्या अंगाला असेल तर खाली दगड. माझं खरं शिक्षण या दुपारीच झालं.

स्वयंसेवक म्हणजे जेवण-राहणं, पगार नाही. आधी एका कॅम्पवर तीन आठवडे तंबू ठोकले, भांडी घासली आणि नदीत उतरलो एकदाच. म्हणून पाण्यात किती तास मिळणार आणि विमा आहे का, हे जायच्या आधीच विचारा. लाजू नका.

घरी आल्यावर मित्राबरोबर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर गेलो. पाणी नुकतंच बंधाऱ्यावरून पडायला लागलं होतं. अशा वेळी खालचं पाणी उलटं बंधाऱ्याकडं ओढतं. नदीतल्या दगडामागच्या भोवऱ्यातून निदान कडेनं सुटता येतं. बंधाऱ्याखालचा भोवरा तर या काठापासून त्या काठापर्यंत सलग. मित्र म्हणाला, "एवढंसं तर पाणी, मारू काय उडी?" मी त्याला खाली तरंगणारा नारळ दाखवला. पाव तास झाला तरी तो तिथंच गरगरत होता.